रेडिओवर राणूबाईचा कडेलोट

डोंगरपेठ नावाच्या गावात शिदू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हे आपलं सभ्य भाषेत. गाव त्याला काय म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वय चाळीस. देवळात नगारा वाजवायचा, आणि असा वाजवायचा की ऐकणाऱ्याच्या छातीत घुमावा. पण नगारा खाली ठेवला की त्याची अक्कलही खाली ठेवलेली असे. त्याचा एकच नियम होता. सांगितलं तेवढं करायचं आणि सांगितलं तसं करायचं.

याच गावात त्र्यंबकराव नावाचे एक शहाणे गृहस्थ होते. तेही आपलं सभ्य भाषेत. निवृत्त पोस्टमास्तर. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एक नाटक लिहिलं होतं. करंजगडाच्या किल्लेदाराची बायको राणूबाई हिने दुष्काळात गडावरचं धान्य खालच्या उपाशी लोकांना वाटून टाकलं, म्हणून खुद्द नवऱ्यानेच तिला कडेलोटाची शिक्षा दिली, गडाच्या कड्यावरून खाली लोटायला सांगितलं, अशी ती गोष्ट. कुठल्याशा जुन्या कागदात राणूबाईचं नाव अर्ध्या ओळीत आलं होतं म्हणे. त्या अर्ध्या ओळीची त्र्यंबकरावांनी एकशे ऐंशी पानं केली होती.

हे नाटक त्यांनी महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या नाटकमंडळ्यांना पाठवलं. झाडून सगळ्यांनी ते परत पाठवलं. पोस्टमास्तर तेच असल्यामुळे साभार परत आलेल्या प्रत्येक पाकिटावर त्यांनी आपल्या हाताने शिक्का मारला आणि ते आपल्या हाताने स्वतःलाच पोचतं केलं. एकदा त्यांनी पारावर बसून गावाला तिसरा अंक वाचून दाखवला. राणूबाई कड्यावरून पडली आणि गाव पोट धरधरून हसलं. त्या दिवसापासून त्र्यंबकरावांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. मरायच्या आधी एकदा, एकदाच, राणूबाई पडताना या गावाच्या डोळ्यांतून पाणी काढायचं.

मग गावात छोटा रेडिओ आला. खताच्या रिकाम्या गोडाउनात एक खोली केली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, मधे काच बसवली आणि दारावर लाल दिवा लावला. चार गावांत ऐकू जाईल एवढंच केंद्र. त्र्यंबकराव पहिल्याच दिवशी वही घेऊन हजर.

“रेकॉर्डिंग बिकॉर्डिंग नको,” ते म्हणाले. “नाटक जसं घडेल तसं गावाने ऐकलं पाहिजे.”

राणूबाईचं काम अंगणवाडीच्या यमुताईंना दिलं. आवाज खणखणीत, बाई दणकट. किल्लेदार झाले ग्रामसेवक, कारण कोणी हुकूम मोडला तरी काही करता न येण्याची त्यांना सवय होती. राहिले आवाज. टापा, साखळदंड, वारा, नगारा. त्या कामाला शिदूला घेतला. तो आवाजात हुशार म्हणून घेतला असं नव्हे. त्र्यंबकरावांकडे दुसऱ्या दिवशीही यायला तयार असलेला गावात तो एकच माणूस होता.

पहिल्या दिवशी त्र्यंबकराव म्हणाले, “शिदू, पहिल्याच प्रवेशात जासूद घोड्यावरून येतो. उद्या घोड्याचं बघ.”

“बघतो मास्तर,” शिदू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो वरातीची पांढरी घोडी घेऊन आला. घोडी दारातून आत आली, पण वळायला जागा नाही म्हणून आतच राहिली. तिने दोन अंड्यांचे ट्रे हुंगले, टेबलावरची वही ओढली आणि पहिला प्रवेश खाऊन टाकला. त्र्यंबकरावांचं लिखाण कुणाच्या तरी पचनी पडण्याची ती पहिलीच वेळ.

“अरे गाढवा!” त्र्यंबकराव किंचाळले. “रेडिओवर घोडी दिसते का? रेडिओवर खरी वस्तू आणायची नसते! तिचा नुसता आवाज आणायचा! दोन करवंट्या घे, एकमेकींवर आपट, झाला घोडा!”

“असं व्हय!” शिदू म्हणाला. “आवाज आणायचा. खरी वस्तू नाही. ध्यानात ठेवतो मास्तर.”

आणि त्याने ध्यानात ठेवलं. तेच तर वाईट झालं.

त्याच्या पुढच्या दिवशी बोलून बोलून सगळ्यांचे घसे बसले. त्र्यंबकराव म्हणाले, “शिदू, सहा चहा आण.”

शिदू गेला. थोड्या वेळाने रिकाम्या कपबशा घेऊन आला. मायक्रोफोनपुढे उभा राहिला. कपबशा किणकिणवल्या. तोंडाने चहा ओतला. मग सहा वेळा भुरके मारले. एकेक भुरका मन लावून. ग्रामसेवकांचा जरा मोठा मारला, कारण ते तसाच मारतात.

“चहा कुठाय?” यमुताईंनी विचारलं.

“झाला की पिऊन,” शिदू म्हणाला.

त्र्यंबकरावांनी कपाळावर हात मारला. “अरे बैला, तो नियम नाटकातला! पोटात जायचा चहा खरा आणायचा! हे बघ, नीट ऐक. तो दारावरचा लाल दिवा दिसतो? तो लागलेला असेल तेव्हा नाटक चालू. तेव्हा कुणी काहीही मागू दे, आवाज द्यायचा. दिवा विझलेला असेल तेव्हा जे मागतील ते खरं आणायचं. शिरलं डोक्यात?”

“शिरलं मास्तर. दिवा असला तर आवाज. दिवा नसला तर खरं.”

“शाबास!” त्र्यंबकराव म्हणाले. असा नियम आपल्याला सुचला याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. त्यांना स्वतःच्या बहुतेक गोष्टींचं वाटे.

त्यानंतर दोन दिवस कमालीचे सुरळीत गेले. लाल दिवा लागायचा, शिदू आवाज द्यायचा. तिसऱ्या दिवशी कडेलोटाची तालीम होती. टेबलावर वाळूने भरलेली गोणी ठेवली. राणूबाई किंकाळी फोडते, दोन क्षण शांतता, आणि गोणी खाली फरशीवर.

“गोणी म्हणून टाकशील तर गोणीच वाजेल,” त्र्यंबकरावांनी समजावलं. “ही गोणी नाही. ही राणूबाई आहे. बाई पडते आहे असं समजून टाक.”

शिदूने गोणीकडे बराच वेळ पाहिलं. तिला नमस्कार केला. मग लोटली.

धप्प!

यमुताईंनी छातीवर हात ठेवला. ग्रामसेवकांनी टोपी काढली. काचेपलीकडे त्र्यंबकराव रुमालात तोंड घालून रडत होते. तीस वर्षं ते याच आवाजाची वाट बघत होते. आता हसा म्हणावं लेको, ते मनात म्हणाले. रविवारी अकरा वाजता हसा.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण शनिवारी दुपारी वीज गेली. दिवे गेले, पंखे गेले, दारावरचा लाल दिवाही गेला. “हरकत नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “खिडकीशी बसून नुसतं वाचून घेऊ.” वाचता वाचता किल्लेदाराचं वाक्य आलं, “जखडा हिला! मुसक्या आवळा!”

शिदूने दाराकडे पाहिलं. दिवा नव्हता.

तो बाहेर गेला, शेजारच्या गोठ्यातून म्हशीचं दावं घेऊन आला, आणि यमुताई चष्मा पुसत होत्या तेवढ्यात त्यांना लोखंडी खुर्चीला आवळून टाकलं. गाठ म्हशीची होती. म्हैस ओढेल तशी घट्ट होत जाणारी. यमुताईंनी ओढाताण केली, गाठ आणखी आवळली. त्र्यंबकरावांनी ओढलं, ग्रामसेवकांनी ओढलं, आणि शिदू कौतुकाने बघत राहिला.

अंगणवाडीत खिचडीची वेळ झाली होती. पोरं ताटल्या वाजवत असणार. यमुताई शेवटी खुर्चीसकट उठल्या आणि खुर्चीसकट भर रस्त्याने अंगणवाडीपर्यंत गेल्या. दावं तिथे विळीवर कापलं. संध्याकाळी दोन्ही दंडांवर वळ घेऊन त्या परत आल्या.

“त्र्यंबकराव,” त्या म्हणाल्या, “तुमच्या नाटकात मी मरायला तयार आहे. पण या बाबाच्या हातून नाही. उद्यासाठी दुसरी राणूबाई बघा.”

त्र्यंबकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते त्यांच्या हातापाया पडले, तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या. मग ते शिदूकडे वळले आणि दातओठ खात म्हणाले, “आता शेवटचं सांगतो! बाईमाणसाच्या अंगाला नखसुद्धा लागता कामा नये! दिवा असो नाहीतर नसो! बाईला जरा जरी लागलं, तर तुझं तंगडं मोडून हातात देईन!”

“दिवा असो नाहीतर नसो,” शिदू पुटपुटला. “बाईला लागता कामा नये. ध्यानात ठेवतो मास्तर.”

रविवार उजाडला. पारावर कर्णा बांधला होता. गाव झाडून जमलं होतं, कारण फुकट हसायला कोण जमत नाही? शिदू घरून आपली लग्नातली कापसाची गादी डोक्यावर घेऊन आला. बसायला आणली असेल, असं सगळ्यांना वाटलं. कुणी विचारलं नाही. शहाणी माणसं शिदूला कधीच काही विचारत नसत, नुसतं सांगत असत.

अकरा वाजले. लाल दिवा लागला. शिदूने नगाऱ्यावर टिपरी टाकली आणि पारावरची बडबड थांबली. करवंट्यांचा घोडा आला, गेला. साखळदंड वाजले. यमुताई बोलायला लागल्या तशी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. खिडकीतून त्र्यंबकरावांना पार दिसत होता. पारावर कोणी हसत नव्हतं. एकही माणूस हसत नव्हता!

“लोटा हिला!” किल्लेदार गरजले.

यमुताईंनी किंकाळी फोडली. दरीत उतरत जाणारी, ऐकणाऱ्याचं काळीज कापणारी किंकाळी. मग शांतता. एक क्षण. दोन क्षण.

तीन क्षण.

शिदूने टेबलाखाली गादी पसरली होती. त्याने गोणी दोन्ही हातांनी उचलली, बाळंतिणीला खाटेवर ठेवावं तशी अलगद गादीवर ठेवली, आणि काचेकडे बघून हसला.

त्र्यंबकरावांनी काचेमागून हात खाली आपटून दाखवला. शिदूने मान डोलवली. गोणी पुन्हा टेबलावर चढवली आणि पुन्हा गादीवर ठेवली. ग्रामसेवक गोंधळले. आवाज आला नाही म्हणजे आपलंच काही चुकलं असणार, असं त्यांना वाटलं. “लोटा हिला!” ते पुन्हा गरजले. यमुताईंना पुन्हा किंचाळावं लागलं. पुन्हा काही नाही.

पारावर कुजबुज सुरू झाली.

“वाचली का काय गं?”

“वाचली! दोन येळा लोटली तरी वाचली!”

तिसऱ्यांदा किल्लेदार गरजले, तिसऱ्यांदा यमुताई किंचाळल्या, तिसऱ्यांदा काही वाजलं नाही, आणि पारावर टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ओरडलं, “राणूबाईचा इजय असो!”

तीस वर्षं आत दाबून ठेवलेला त्र्यंबकराव त्या क्षणी फुटला. दार ढकलून ते आत घुसले. लाल दिवा लागलेलाच होता. मायक्रोफोन चालूच होता.

“मार तिला!” ते ओरडले. “अरे हरामखोरा, मेली पाहिजे ती! मला ती मेलेली पाहिजे!”

चार गावांनी ते ऐकलं.

“मास्तर,” शिदू शांतपणे म्हणाला, आणि तेही चार गावांनी ऐकलं, “तुमीच म्हणला, बाईला लागता कामा नये. म्हणून गादी घातलिया. तीनदा टाकली. बाईला खरचटलं पण नाही.”

“काढ ती गादी!”

शिदूने गादी काढली. सांगितलं तेवढं आणि सांगितलं तसं.

“बाजूला हो! मीच टाकतो तिला!” असं म्हणून त्र्यंबकरावांनी गोणी कशीबशी टेबलावर चढवली आणि पासष्टाव्या वर्षी स्वतःही वर चढले. वाळूची गोणी त्यांनी कवटाळून डोक्याच्या वर उचलली. म्हणजे उचलायला गेले. गोणी छातीपर्यंत आली, तिथून तिने आपला रस्ता धरला, आणि नाटककारही तिच्याबरोबर गेले.

धप्प!

काय तो आवाज! तालमीतला त्याच्यापुढे काहीच नाही. पारावर एक म्हातारी म्हणाली, “पडला गं बाई मेला!” आणि गाव जे हसायला लागलं, ते पोट धरून, एकमेकांच्या अंगावर रेलून, डोळ्यांतून घळाघळा पाणी येईपर्यंत हसलं. त्र्यंबकरावांना गावाच्या डोळ्यांत पाणीच हवं होतं. ते आलं.

खाली फरशीवर त्र्यंबकराव गोणीखाली पडले होते. एक पाय भलतीकडेच वळला होता.

“डॉक्टर...” ते कण्हले. “शिदू... डॉक्टरांना आण रे...”

ग्रामसेवक टोपी सावरत होते. यमुताई तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या होत्या, आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

शिदूने दाराकडे पाहिलं.

दिवा लाल होता.

तो मायक्रोफोनपुढे मांडी घालून बसला. दोन्ही करवंट्या उचलल्या. आधी हळू, लांबून येताहेत अशा, मग जवळ, आणखी जवळ, पार गडाचा चढ चढून आल्यासारख्या त्याने टापा वाजवल्या. तोंडाने घोडा फुरफुरवला. लगाम खेचला.

“आला का रे डॉक्टर?” त्र्यंबकरावांनी डोळे मिटूनच विचारलं.

“आलं मास्तर,” शिदू म्हणाला. “उतरत्यात.”