विडा उचलणारं घर

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक लहानसा देश होता. नदीपलीकडचा मोठा देश त्याचा मित्र. एका दुष्काळात मोठ्या देशाने धान्य धाडलं होतं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक युद्धात लहान देश आपली माणसं धाडत आला होता.

लहान देशात एक प्रथा होती. युद्ध ठरलं की दरबारात तबकात विडा मांडायचा. जो विडा उचलून खाईल, त्याने फौजेच्या पुढे चालायचं. आधी राजेच विडा उचलत. पुढे राजांना कामं वाढली आणि त्यांनी हा मान एका घराला नेमून दिला. होकार दरबाराचा, हात त्या घराचा.

एके दिवशी मोठ्या देशाचा दूत पुन्हा आला. "समुद्रापलीकडच्या बेटावरचे लोक आमचं ऐकत नाहीत. चला, फौज काढा."

"बेट कुणाचं?" म्हाताऱ्या राजाने विचारलं.

"आमचं होणार आहे."

राजाने डोळे मिटले. मागच्या युद्धातून परतलेली माणसं अजून झोपेत ओरडत होती. प्रधान मात्र ताडकन उठला. "महाराज, मित्राला नाही कसं म्हणायचं? जग आपल्याला भित्रे म्हणेल!"

"खरं आहे, खरं आहे!" सरदार गरजले. विडा मांडला गेला. त्या घराला बोलावणं गेलं.

आली ती एक म्हातारी.

"घरातले पुरुष कुठे आहेत?" प्रधानाने दरडावलं.

"तुम्हीच पाठवलेत की, प्रधानजी. सासरा, नवरा, दोन्ही मुलगे. आता पाळण्यातला नातू तेवढा उरलाय. त्याला दात नाहीत, विडा चावणार कसा?"

कुणीतरी हसलं आणि लगेच ओशाळलं.

"मग तू उचल," प्रधान म्हणाला. "प्रथा मोडता येणार नाही."

"उचलते बापडी," म्हातारी थकल्या आवाजात म्हणाली. "पण माझी चाल हळू. सरदारांना मागे रखडत यावं लागेल."

तिने हात पुढे केला. राजाने तबक ओढून घेतलं आणि प्रधानापुढे धरलं. "मित्राला नाही म्हणवत नाही ना? उचल."

प्रधानाला एकाएकी कंबरदुखी आठवली. एका सरदाराच्या घरी लग्न होतं, दुसऱ्याच्या घोड्याला बरं नव्हतं. तबक दरबारभर फिरलं आणि जसंच्या तसं परत आलं.

राजाने तबक खाली ठेवलं. "माझाही हात होत नाही," तो म्हणाला. "म्हणजे हे युद्ध आपलं नाही. एवढं कळायला मला एक अख्खं घर रिकामं करावं लागलं."

मग तो दूताकडे वळला. "तुमच्या राजाला सांगा, त्याच्या घराला आग लागली तर आम्ही घागरी घेऊन धावत येऊ. दुसऱ्याचं घर पेटवायला येणार नाही."

दूत रागाने निघून गेला. मोठ्या देशाकडून येणारं मीठ बंद झालं. लोकांनी अळणी खाल्लं आणि राजाला बोल लावले.

काही काळाने नदीतून होड्या येऊ लागल्या. बेट कुणालाच मिळालं नव्हतं. होड्यांत मोठ्या देशाचे जखमी शिपाई होते, आणि त्यांच्या गावांत शुश्रूषेला धडधाकट माणूस उरला नव्हता. लहान देशातल्या घरांनी दारं उघडली. म्हातारी एका कोवळ्या शिपायाला पेज भरवत होती.

"आजी, तुम्ही लोक आमच्या मदतीला का आला नाहीत?" त्याने विचारलं.

"आलो असतो, बाळा, तर आज तुला पेज कुणी भरवली असती? खा आता. अळणी आहे, पण गरम आहे."

तात्पर्य: ज्या युद्धात आपण स्वतः पुढे चालणार नाही, त्याला दुसऱ्याच्या लेकरांच्या जिवावर होकार देणं ही मैत्री नव्हे.