चुडेआळीतली काचेची भिंत

चुडेआळीच्या तोंडाशी आता कॉफीचे दुकान आहे. त्याच्या पुढे हाताने केलेले साबण, मातीचे कप, हातमागाच्या साड्या, आणि एका जुन्या दुकानाच्या लाकडी फळ्या तशाच ठेवून आत थाटलेली बेकरी. रविवारी सकाळी शहर पाहायला आलेली माणसे गळ्यात कॅमेरे अडकवून इथे हिंडतात. हिंडत हिंडत ती आळीच्या टोकाला येतात आणि काचेच्या भिंतीपाशी थांबतात. भिंत पुरुषभर उंच आणि चांगली चाळीस हात लांब आहे. चुन्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे इतके दाट बसवलेत की बोट टेकायला जागा नाही. लोक तिला पाठ लावून फोटो काढतात आणि कोणाच्या तरी दंडावर ओरखडा उठतो.

भिंतीसमोरच्या ओट्यावर वत्सलाबाई रासणे बसतात. वय शहात्तर. आळीत बांगड्यांचे दुकान आता त्यांचेच काय ते उरले आहे. ओरखडा उठलेल्याला त्या हळद देतात, आणि कोणी भिंतीची तारीफ केली की म्हणतात, "शोभेची नव्हे ती. बसा, सांगते."

असे सांगतात की फार पूर्वी या आळीत कासारांची चाळीस घरे होती आणि मागच्या टेकाडावर सरदारांची गढी होती. एका उन्हाळ्यात सरदार मोहिमेवर पडले. घरी आली ती नुसती पगडी. बाईसाहेब बावीस वर्षांच्या होत्या. रीतीप्रमाणे त्यांच्या हातातला चुडा फोडला. पण खाली आळीत दिवसभर बायका बांगड्या भरायला येत, आणि तो किणकिणाट वाऱ्याबरोबर गढीत शिरे. चौदाव्या दिवशी हुकूम आला. उद्यापासून आळीतल्या एकाही बाईच्या हातात बांगडी वाजता कामा नये.

बांगडी फुटली असे कासार म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुसऱ्या सकाळी एकोणचाळीस घरांतल्या बायकांनी आपापल्या उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या वाढवल्या. त्यांचे नवरे शेजारीच उभे होते, धडधाकट.

राहिले ते कोंडाबाईचे घर. कोंडाबाई स्वतः विधवा, तिचे हात केव्हाचे रिकामे. तिचा एकुलता एक मुलगा रखमाजी खांद्यावर बांगड्यांची माळ टाकून नदीपलीकडच्या बाजारांना गेला होता. घरात सून होती, साळू. लग्नाला तीन वर्षे झालेली.

"आत्याबाई," साळू म्हणाली, "ते वाटेवर आहेत. घरी पोचू देत, मग त्यांच्यासमोर वाढवीन. माणूस परगावी असताना हात कसे मोकळे करू?"

कोंडाबाईला ते पटले. मुलगा रानावनातून चालत येतोय आणि इकडे सुनेने हात आपटायचे, हे तिला सोसवेना. ती म्हणाली, "राहू दे. मी आहे."

दुपारी गढीवरून बोलावणे आले. सासू-सून दोघी गेल्या. कोंडाबाईला वाटले, आता पाठीवर कोरडे पडणार. पण बाईसाहेब रागावल्या नाहीत. त्यांनी दोघींना जवळ बसवले, साळूचा हात हातात घेतला आणि बांगड्यांवरून सावकाश बोट फिरवले.

"नवरा येईपर्यंतच ना? मग राहू देत," त्या म्हणाल्या. "नाव काय त्याचं?"

साळूने मान खाली घातली. नवऱ्याचे नाव असे सरळ कोण घेते?

"उखाण्यात घे. या घरात पुष्कळ दिवसांत कोणी नाव घेतलं नाही."

साळू लाजली. कोंडाबाईचा जीव भांड्यात पडला होता. बाईसाहेबांची मर्जी फिरायला नको म्हणून तिने सुनेला कोपराने ढोसले. "घे ग. एवढ्या मायेनं विचारतात. कधी यायचाय, कुठून यायचाय, तेही येऊ दे त्यात."

मग साळूने नाव घेतले.

"थोडं पाणी उताराला, वाट पाहते दारी,
रखमाजींचं नाव घेते, येतील सोमवारी."

उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. आळीच्या वरच्या अंगाला तसा एकच उतार होता. बाईसाहेब हसल्या. त्यांनी दोघींच्या हातावर गूळ ठेवला. घरी येताना कोंडाबाईने त्यातला खडा-खडा शेजारपाजारी वाटला आणि सांगितले, बाई मनानं वाईट नाही.

सोमवारी साळूने भाकरी करून झाकून ठेवल्या. दुपारी दारात घोडी थांबली. दोन स्वार उतरले. त्यांनी उंबऱ्यावर रखमाजीचे मुंडासे ठेवले, आणि त्यावर बांगड्यांची माळ. माळेतली एकही बांगडी फुटली नव्हती.

"उताराला पाणी थोडंच होतं," त्यातला एक म्हणाला. "बाईसाहेबांनी विचारलंय, आता तरी वाढवशील ना?"

साळू उंबऱ्याशी बसली आणि तिने मुंडाशावर हात ठेवले. आळीतली दारे लागली. कोंडाबाई आत गेली आणि वरवंटा घेऊन आली.

"चार दिवस आधी हात मोकळे केले असतेस," ती सुनेला म्हणाली, "तर माझा रखमा आज जेवायला बसला असता."

हे खोटे नव्हते, म्हणून साळूने हात मागे घेतले नाहीत. कोंडाबाईने तिची मनगटे उंबऱ्यावर धरली आणि वरवंटा घातला. एकदा घालून बांगड्या फुटल्या होत्या, तरी ती घालतच राहिली. स्वारांनीच शेवटी तिचा हात धरला म्हणे.

काच मनगटात रुतली. हात सुजले, ताप चढला. कोणी औषध घेऊन आले नाही. गढीवरून नजर होती, आणि आळीला आपली पोरे जगवायची होती. आठव्या दिवशी साळूने डोळे उघडले. आवाज न चढवता ती म्हणाली, "आत्याबाई, नाव मी घेतलं. पण घे म्हणालात तुम्ही."

तिने तोंड फिरवले. दिवस मावळायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई दार झाडायला लागली, तर उंबऱ्यावर हिरव्या काचा. तिने झाडून उकिरड्यावर टाकल्या. पहाटे पुन्हा तितक्याच. तिने त्या नदीत सोडल्या, शेतात पुरल्या. काही केले तरी त्या परत येत. तेव्हा तिने चुना कालवला आणि गढीखालच्या या भिंतीत एकेक तुकडा बसवायला घेतला. बारा वर्षे ती हेच करत होती, असे सांगतात. बोटांना कधी खपली धरली नाही. दोन हातांतल्या बांगड्यांची एवढी काच कशी झाली, ते कोणाला सांगता येत नाही.

इथे पाहुण्यांपैकी कोणीतरी हटकून विचारते, "आणि त्या बाईसाहेबांचं काय झालं?"

"काही नाही," वत्सलाबाई म्हणतात. "वर्षाने हुकूम उठवला. ज्यांनी भिऊन वाढवल्या होत्या त्यांनी भिऊनच पुन्हा भरल्या. बाईसाहेब ऐंशीच्या होऊन झोपेत गेल्या."

मग त्या शेवटचे सांगतात. बाराव्या वर्षी शेजारच्या घरी नवी सून आली. उंबऱ्यावर बायकांनी तिला अडवले, नाव घे म्हणून गलका केला. पोर तोंड उघडणार, तोच भिंतीपासून कोंडाबाई धावत आली आणि तिने आपला हात त्या पोरीच्या तोंडावर दाबून धरला. काढला तेव्हा नवरीचा चेहरा कोंडाबाईच्या बोटांच्या रक्ताने भरला होता. दुसऱ्या पहाटे कोंडाबाईच्या उंबऱ्यावर काच आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही.

आजही चुडेआळीत नव्या सुनेला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. बांगड्या भरायला बसलेल्या बाईला, ती कोणाची कोण, हे विचारत नाहीत. दुकाने भाड्याने घेणाऱ्या नव्या पोरापोरींनाही हे पहिल्याच दिवशी बजावतात. वरात दाराशी आली की वाजंत्री थांबते. सून माप ओलांडून मुकाट्याने आत जाते. आळीत तेवढा वेळ तिच्या बांगड्यांशिवाय दुसरा आवाज नसतो, आणि ती आत जाईपर्यंत सासूने स्वतःच्या तोंडावर हात धरून उभे राहायचे असते.