भिंतीवरची आशा

राणीच्या फुलबागेतल्या मंडपाच्या भिंतीवर दोघी उभ्या होत्या. केशरी लुगड्यातली क्षमा आणि मोरपंखी शालूतली शांती. तिसरी, आशा, यायची होती. पण चितारी कान्होबांचे हात थरथरू लागले आणि कुंचला धरवेना. घरात पेजेपुरतेच तांदूळ उरले होते, आणि राणी संध्याकाळी चित्र बघायला येणार होती.

"बाबा, मी काढू?" छोट्या शेवंतीनं विचारलं.

"काढ बाळा. पण आशेचा चेहरा कसा असतो, ते मलाही सुचलेलं नाही."

शेवंती रंग कालवायला बसली, तर निळ्या वाटीत काहीतरी फडफडलं. इवलीशी परी! चंदेरी पंख रंगानं चिकटले होते. शेवंतीनं जाईच्या पाकळीनं ते हलकेच पुसले.

"गुणाची गं!" परी किणकिणली. "एक वर माग. मात्र स्वतःसाठी नाही, घरच्यांसाठीही नाही."

शेवंतीचे डोळे भरून आले. बाबांचे हात मागता येणार नव्हते. तेवढ्यात म्हातारी यमुनाक्का माळीण रिकामी घागर घेऊन आली. विहीर आटली होती, निशिगंधाच्या कळ्या माना टाकत होत्या.

"यमुनाक्काच्या विहिरीला पाणी येऊ दे," शेवंती म्हणाली.

खोल कुठेतरी बुडबुड झाली. यमुनाक्का थबकली. घागर कवटाळून, मान कलती करून ऐकू लागली. पाणी अजून दिसत नव्हतं, पण तिच्या सुरकुत्यांतून उजेड पाझरत होता.

शेवंतीनं कुंचला उचलला आणि झरझर तोच चेहरा, रिकाम्या घागरीसकट, भिंतीवर उतरवला.

संध्याकाळी राणी चित्रासमोर थांबली. "आशा इतकी म्हातारी? आणि घागर रिकामी कशी?"

"भरली, की मग आशा कशाला लागते, राणीसाहेब?" शेवंती म्हणाली.

 राणीनं स्वतःची शाल काढून शेवंतीच्या खांद्यांवर घातली. "महालाच्या सगळ्या भिंती आता तुमच्या. तुझ्या आणि तुझ्या बाबांच्या."

राणी गेल्यावर परी कान्होबांच्या बोटांवर अलगद बसली. "शेवंतीनं मागितलं नाही, म्हणून हे मी माझ्या मनानं देते."

सोनेरी, गुलाबी, पोपटी उजेडाचा लोट उठला, जाईच्या मांडवावरून तरंगत गेला आणि त्यातच परी विरून गेली.

कान्होबांनी हात पुढे धरला. बोटं स्थिर होती. त्यांनी कुंचला लाल रंगात बुडवून लेकीच्या हाती दिला.

"खाली नाव घाल, शेवंते. तुझं."