राजघोड्याच्या पाठीवरचा घडा

पूर्वी कुमुदपूर नगरात अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या अश्वशाळेचा अध्यक्ष होऊन राहिला होता आणि त्याचे नाव सोमिल असे होते. घोड्यांवर त्याचा फार जीव होता. माणसांवरही होता, पण माणसे त्या जिवाची रोज परीक्षा पाहत.

कुमुदपुरात एक चाल होती. आश्विनात अश्वपूजेच्या दिवशी राजघोड्याला नगराच्या चौकात उभे करीत आणि त्याच्या पाठीवर पाण्याने काठोकाठ भरलेला मातीचा घडा ठेवीत. पुरोहिताचे मंत्र संपेपर्यंत घडा टिकला तर घोडा शुभ, राजा शुभ, पाऊसपाणी शुभ. घडा पडला तर घोडा अशुभ ठरे आणि त्याला घाटापलीकडच्या रानात सोडून देत. त्या रानात वाघ होते. पुढे घोड्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नसे.

आता घडा टिकतो कोणत्या पाठीवर? धडधाकट घोड्याच्या तर नाहीच. त्याच्या अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरते, आणि एका जागी उभे राहणे त्याच्या जिवावर येते. घडा टिकतो चरबीने भरलेल्या घोड्यावर. अशा घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मेद चढून मधोमध पन्हळ पडते. घडा तिथे मांडी ठोकून बसतो, आणि घोड्यालाही हलायचा कंटाळा असतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुमुदपूरचे राजघोडे तूपभात, गूळ आणि पायस खाऊन घडे सांभाळीत आले होते. थोड्याच काळात त्यांच्या खुरांत आग भरे, पुढचे पाय टेकवेनासे होत, आणि एके दिवशी बसलेला घोडा उठत नसे. लोक म्हणत, राजघोड्यांना आयुष्यच कमी असते. हे ऐकले की सोमिलाच्या कपाळाची शीर उडू लागे.

मागचा राजघोडा धवल असाच गेला होता. सोमिल तेव्हा अध्यक्षपदावर नवा होता. त्याने सांगून पाहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तूपभात चालू ठेवला.

या खेपेला राजघोडा म्हणून कपिशची निवड झाली. हा तांबूस घोडा सोमिलाने शिंगरू असल्यापासून वाढवला होता. निवडीची वार्ता ऐकून सोमिलाला अन्न गोड लागेना. तूपभात द्यावा तर कपिश खुरांनी मरणार, न द्यावा तर वाघाच्या तोंडी जाणार. पुष्कळ विचार करून त्याने ठरवले की वाघापासून घोड्याला निदान पळता येते, पण ज्याला उठताच येत नाही तो कशापासून पळणार?

मग त्याने कपिशला आपल्या पद्धतीने पोसायला घेतले. दिवसभर हरळी आणि वाळले गवत पुढ्यात असे, कारण घोड्याचे पोट रिकामे राहिले की त्याचे सगळेच बिनसते. आधी पाणी, मग चंदी. चंदीत थोडे जव, आणि भिजवलेले हरभरे व शिजवलेले कुळीथ; अंगावर मांस धरते ते त्यांनी. चाटायला खडेमीठ. नवा दाणा आणला तर तो एकदम न देता मुठीमुठीने वाढवायचा. खाणे जिरले की घाटाची चढण, आणि चढणीनंतर पुरती विश्रांती. नुसत्या कुळथाने मांड्या भरल्या असत्या तर कुमुदपूरचे सगळे शेटजी मल्ल झाले असते, असे तो म्हणे.

कपिशची मान भरली, खांदे भरले, मांड्यांवर हात ठेवला तर आत काही जिवंत आहे असे वाटू लागले. आणि नगराला घोर लागला की घोडा वाळला!

झाले. ज्याला त्याला दया आली. राजवाड्यातून पायसाचे पातेले आले. सेनापतीच्या घरून लाडू आले. सोमिल दारात उभा राहून एकेकाला हात जोडून परत पाठवी. एक म्हातारी तर विडा घेऊन आली.

"आजी, घोडा विडा खात नाही."

"राजाचा आहे ना? खाईल."

पुरोहित पिंगलशर्मा रिकाम्या हातांनी आला, पण त्याचे येणे सर्वांत जड होते. तो म्हणाला, "अध्यक्ष, घोड्याची बरगडी हाताला लागते."

"हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. तशीच असावी लागते."

"तिच्यावर घडा कसा बसणार? ऐका माझं. पूजेपर्यंत तूपभात द्या. घडा टिकला तर महाराज तुम्हाला अमात्य करणार आहेत, मीच शब्द टाकलाय. पुढे घोड्याचं व्हायचं ते होईल. नवा घोडा मिळतो."

"अमात्यही नवा मिळतो," सोमिल म्हणाला आणि गवताचा भारा सोडू लागला.

पण खरा वैताग राजाचा होता. पुरोहिताला हाकलता येते. राजाला कसे हाकलणार? अरिंजय रोज सकाळी उपरण्याच्या सोग्यात गुळाचा खडा लपवून येई. कपिश लांबूनच फुरफुरे आणि राजाचा चेहरा खुले.

"महाराज, काल सांगितलं होतं."

"एवढासाच आहे रे."

"कालही एवढासाच होता. परवाही."

"त्याला आवडतो."

"मलाही आवडतो, महाराज. मला द्या. मला घाट चढायचा नाही."

राजा मनापासून हसला. सोमिल पाण्याची बादली आणायला वळला तेवढ्यात गूळ कपिशच्या तोंडात गेला होता, आणि राजा छताकडे पाहत उभा होता. सोमिल गवताच्या ढिगावर मटकन बसला. सगळे सोडून हिमालयात निघून जावे, असे त्याच्या मनात आले. तिथे निदान कोणी गूळ घेऊन येणार नाही. मग कपिशला पाणी पाजायचे राहिले होते म्हणून तो उठला.

अश्वपूजेचा दिवस आला. चौकात माणूस मावेना. कपिशला हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली आणि पाठीवर घडा ठेवला. पिंगलशर्मा मंत्र म्हणू लागला. तेवढ्यात एक माशी कपिशच्या कुशीवर बसली, कातडी थरथरली, आणि घडा पुरोहिताच्या पायांशी येऊन फुटला.

राजा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पिंगलशर्माने ओले धोतर झटकत सांगितले, "अशुभ घोड्याला दुसऱ्या कोणी नेलं तर अशुभ नगरातच राहतं. महाराजांनी स्वतः त्यावर बसून सीमेपर्यंत जायचं आणि लगाम काढून माघारी यायचं, असा नियम आहे."

राजा सोमिलाकडे वळला. "गूळ नको, तूप नको, हे नको, ते नको! झालं तुझ्या मनासारखं? तुझं पद गेलं असं समज."

सोमिलाजवळ उत्तरे पुष्कळ होती. कित्येक दिवस ती त्याच्या जिभेवर होती. पण कपिशचे काय होणार ते त्याला दिसत होते. "पद घ्या, महाराज," तो म्हणाला. "सोडण्याआधी त्याला पाणी तेवढं पाजा. घाट चढून आला म्हणजे थोडं थांबून, मग पाजा."

राजा कपिशवर बसला आणि कोणाकडे न पाहता निघाला.

घाट त्याच्या ओळखीचा होता. धवलवर बसून तो इथे येई तेव्हा प्रत्येक वळणावर थांबावे लागे. राजाने सावकाशच जायचे असते, अशी त्याची समजूत होती. आज पहिले वळण आले आणि मागे पडले. दुसरे आले. कपिशचा श्वास लयीत चालला होता. मांडीखाली घोड्याची पाठ उचलत होती, पुढे सरकत होती, आणि आपण घोड्यावर बसलो आहोत हे राजाला जन्मात पहिल्यांदा कळत होते. रागाच्या भरात निघालेला राजा माथ्यावर पोचला तेव्हा राग कुठे गळून पडला ते त्यालाही समजले नाही.

सीमेच्या दगडापाशी तो उतरला. थोडे थांबून त्याने कपिशला झऱ्यावर पाणी पाजले. पाणी पिऊन मान खालीच ठेवलेल्या कपिशचा लगाम काढायला तो वाकला तेव्हा त्याचा हात घोड्याच्या खुराला लागला. खूर थंड होता. धवलचे शेवटी शेवटी हाताला चटका बसावा असे तापत. त्या शेवटच्या दिवशी धवलला उठता येत नव्हते, तरी राजा आलेला पाहून त्याने उपरण्याच्या सोग्याकडे तोंड नेले होते. आणि राजाने त्याला गूळ दिला होता. राजा दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दिवस मावळण्याआधी तो कपिशवर बसूनच परत आला. पिंगलशर्मा पुढे धावला, "महाराज, हे काय? घडा पडला आहे!"

"पुरोहित, पुढच्या वेळी घडा जमिनीवर ठेवा," राजा म्हणाला. "तिथून तो पडत नाही."

अश्वशाळेत सोमिल आपले सामान बांधत होता. राजा त्याच्यासमोर उभा राहिला. "सोमिला, धवलला मीच मारलं ना रे?"

"आपल्याला ठाऊक नव्हतं, महाराज."

"ठाऊक होतं. तू रोज सांगत होतास."

कपिशचे अंग घामाने भिजले होते. सोमिलाने कोनाड्यातला खरारा काढून राजाच्या हातात दिला, आणि राजा खाली मान घालून घोड्याचे अंग घासू लागला.

ही कथा भगवान शास्त्यांनी विहारात एका भिक्षूला सांगितली. त्याच्याकडे एका आजारी वृद्ध भिक्षूची सेवा होती. उपासक दयेपोटी पथ्य मोडून मिठाया भरवतात, म्हणून तो पात्र आपटून म्हणाला होता, "त्यांना खाऊ दे, मरू दे, मी चाललो." शास्ता म्हणाले, "तेव्हाचा कपिश म्हणजे हा आजारी वृद्ध. अरिंजय राजा म्हणजे रोज मिठाई आणणारा तो भोळा उपासक. आणि सोमिल मीच होतो."

"आणि तो पुरोहित, भगवन्?" भिक्षूने विचारले.

"घोड्याचं व्हायचं ते होईल, असं म्हणणारा तो तू होतास."

भिक्षूने पात्र उचलले, धुतले आणि पेज आणायला निघाला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून शास्ता म्हणाले, "सोमिलाने त्या जन्मी जी सहनशीलता साधली तिला क्षांती म्हणतात. वैताग त्याला रोज येत होता. चंदीचे माप त्याने एकदाही बदलले नाही."