न प्यालेलं पाणी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की डोंगरावरच्या गडाला तेव्हा नावसुद्धा पडलं नव्हतं. त्या काळी कुत्री बोलत. आताही बोलतात, पण ऐकायला कान हवेत ना!

त्या गडाच्या पायथ्याशी एक नगरी होती आणि नगरीच्या वेशीबाहेर कुत्र्यांचा कोंडवाडा. कुणाचा धनी मेला, कुणाला पिल्लू असताना लाडानं आणलं आणि थोराड झाल्यावर लाथ घालून हाकललं. अशी सगळी तिथं यायची. त्यांना सांभाळणाऱ्या बाईला सगळे आक्का म्हणत. तोंडानं फटकळ, हातानं मायाळू.

कुत्र्यांना खाऊ घालणं हे आक्काचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांना घर मिळवून देणं. पण ती उठून कुणाच्याही हाती दोरी देत नसे. "लेक द्यायची तर घर बघून द्यायची," ती म्हणे.

कुणी कुत्रं मागायला आला की दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला, न सांगता, आक्का त्याच्या दारात उभी राही आणि तांब्याभर पाणी मागे. पाणी येईस्तोवर तिची नजर घरभर फिरे. बैलाच्या मानेवर जखम आहे का? मांजर माणसाला बघून पळतं का? सून घास गिळताना सासूच्या तोंडाकडं बघते का? असलं काही दिसलं की आक्का पाणी पिऊन तांब्या खाली ठेवी आणि सांगे, "पाणी गोड आहे तुमचं. कुत्रं मात्र मिळायचं नाही."

तिचा आणखी एक नियम होता. ज्याला मोठं अंगण, त्यानंच यावं. एका खोलीत राहणाऱ्यांना ती दारातूनच वाटेला लावी.

वेशीच्या आतल्या गल्लीत एक कासारीण राहायची. ती जाता-येता आक्काला डिवची. "काय गं वरमाय, आज कुणाचं लगीन जमवलंस?"

"तुझ्या बांगड्या आठवड्यात फुटतात," आक्का म्हणे. "मी जमवलेलं लगीन अजून एक मोडलं नाही."

असं चाललं होतं, तोवर एक दिवस दवंडी पिटली गेली. दसऱ्याला राजाचे व्याही येणार. वेशीतून मिरवणूक निघणार. व्याह्यांना कुत्र्याचा आवाज खपत नाही. सबब कोंडवाडा त्याआधी रिकामा व्हावा. उरतील ती कुत्री घाटापलीकडच्या रानात सोडावीत.

'सोडावीत' म्हणे! त्या रानात वाघरं होती. बिबळी, पिवळी, लांब शेपटीची. तिथं सोडणं म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आक्का दारोदार हिंडली. धडधाकट कुत्री गेली, देखणी गेली, पिल्लं तर भांडणं होऊन गेली. दसरा उद्यावर आला, तेव्हा कोंडवाड्यात उरली ती कुणालाच नको असलेली. तीन पायांवर चालणारी कवडी. खरजेनं केस गेलेले दोघे भाऊ. आणि ढोल्या नावाचा म्हातारा कुत्रा, ज्याच्या तोंडात दातांपेक्षा जागाच जास्त होती.

ऊन कलायला लागलं आणि कारभारी गाडी घेऊन आला. गाडीत जाळी होती.

"आक्का, भर गाडीत."

"सूर्य अजून वर आहे."

"वर आहे, पण थांबायचा नाही तुझ्यासाठी."

तेवढ्यात नदीपलीकडचा मळेवाला आला. डोक्याला जरीचं पागोटं, जिभेवर गूळ. "आक्का, कशाला जीव टांगणीला लावता? चारीच्या चारी द्या मला. नजर पुरणार नाही एवढा मळा आहे माझा. पळतील, खेळतील."

आक्काच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तरी सवयीनं ती म्हणाली, "बरं. आधी तुमच्या घरी पाणी पिऊन येते."

"आत्ता? जाऊन येईस्तोवर दिवस बुडेल," मळेवाला म्हणाला.

"आणि गाडी निघेल," कारभारी म्हणाला. "हा देवमाणूस दारात उभा आहे आणि तू पाणी पीत बसतेस? हो म्हण नाहीतर जाळी उघडतो."

ढोल्यानं मळेवाल्याचा हात हुंगला आणि तो मागं सरला. "आक्के," तो हळूच म्हणाला, "या हाताला वास येतोय."

"कसला?"

"रिकाम्या साखळीचा."

आक्कानं दोऱ्या मागं ओढल्या. पण समोर जाळी होती, पलीकडं रान होतं. "गप रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "तुला काय, सगळीकडं वासच येतो." आणि तिनं चारी दोऱ्या मळेवाल्याच्या हाती दिल्या.

कवडी वळून वळून बघत गेली. ढोल्यानं एकदाही मागं बघितलं नाही.

कारभारी रिकामी गाडी घेऊन वेशीवर जाऊन बसला. आक्का चुलीपुढं बसली आणि सवयीनं सगळ्यांच्या भाकरी भाजून मोकळी झाली. मग अंगणात बघते तर खायला कुणी नाही. तिनं तांब्या तोंडाला लावला. न पिताच खाली ठेवला. आजवर पाणी न पिता तिनं एक कुत्रं दिलं नव्हतं, आणि आज चार दिली होती.

तिनं भाकरी फडक्यात बांधल्या आणि ती नदीकडं निघाली.

उतारावर तिला कासारीण भेटली. पलीकडच्या वाडीला बांगड्या भरून परत येत होती. "काय गं वरमाय, लेकींना माहेरची भाकरी घेऊन निघालीस? कुणीकडं?"

"मळ्यात."

कासारणीचं हसू मावळलं. "या वेळेला नको जाऊस बाई. तिन्हीसांजेला तिथं वाघरू येतं. रोज येतं. मालकाच्या वासरांना मात्र त्यानं अजून नख लावलेलं नाही. तो कुंपणाबाहेर चार कोपऱ्यांना चार कुत्री बांधतो ना. एक गेलं की दुसरं आणतो. परवा बघितलं, नुसत्या साखळ्या उरल्या होत्या."

आक्कानं पुढचं ऐकलंच नाही. लुगडं खोचून ती पाण्यात शिरली. गुडघाभर पाणी, खाली शेवाळ. एकदा पडली, उठली. समोर सूर्य डोंगराला टेकला होता आणि तिला वाटत होतं, कुणीतरी त्याला खालून ओढतंय.

मळ्याला उंच काटेरी कुंपण होतं. कुंपणाच्या आत वासरं, बाहेर कुत्री. खरजुले भाऊ पहिल्या दोन कोपऱ्यांना होते. पुढं ना पाणी, ना तुकडा. उपाशी कुत्रं जास्त भुंकतं, असा मालकाचा हिशेब. आक्कानं त्यांच्या गळ्यातल्या साखळ्या सोडल्या. "पळा रे. नदी गाठा. मागं बघू नका."

ढोल्या तिसऱ्या कोपऱ्याला होता. आक्कानं त्याला सोडलं, पण त्याच्याकडं तिला बघवेना.

"आक्के, रडू नको," ढोल्या म्हणाला. "कवडीकडं चल. वारा फिरलाय."

कवडीच्या गळ्याची कडी गंजून बसली होती. सुटेना. आक्का खुंटीला भिडली. खुंटी खोल ठोकलेली. तिनं दगड घेतला आणि खुंटीला डावी-उजवीकडून हाणायला लागली. बोटं फुटली. पलीकडं उसाचं पान हललं. वाऱ्याच्या उलट हललं.

"आक्का," कवडी म्हणाली, "तू जा. मला असंही पळता येत नाही."

"तोंड मिट," आक्का म्हणाली आणि पुन्हा दगड हाणला.

ऊस दुभंगला. दोन डोळे दिसले. वाघरू जमिनीला पोट लावून पुढं आलं, अगदी निवांत. ताट मांडलेलं असल्यावर घाई कुणाला असते?

ढोल्या उठला आणि आक्काच्या पुढं जाऊन उभा राहिला. "तू खुंटी उपट," तो म्हणाला. "मी आहे."

"ढोल्या, माघारी ये! तुझ्या तोंडात दात नाहीत!"

"त्याला कुठं माहीत आहे?"

आणि तो म्हातारा असा भुंकला, असा भुंकला, की वाघरू क्षणभर खरंच थांबलं. तेवढ्यात खुंटी निघाली. आक्कानं कवडीला साखळीसकट छातीशी धरलं आणि ती कुंपणाच्या फाटकाकडं धावली. मागं भुंकणं चालू होतं. मग ते तुटलं.

फाटकात मळेवाला उभा होता, हातात पलिता. "माझी कुत्री सोडतेस? चोरटी कुठली!"

आक्का धापा टाकत होती. हातातून रक्त गळत होतं. "पाणी दे," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी. तुझ्या घरचं प्यायचं राहिलं होतं माझं."

तो हसला. "पाणी पाहिजे तर नदीला जा. आणि ते लंगडं ठेव खाली."

त्याच्या खांद्यावरून आक्कानं आत बघितलं. बैलाची मान सोललेली होती. उंबऱ्यातला गडी मालकाचा आवाज वाढताच भिंतीला चिकटला होता. बघायचं ते सगळं तिथंच होतं. दुपारी आली असती तर एका नजरेत कळलं असतं.

"ऐक," आक्का म्हणाली. "तू त्या वाघराला तुझ्या दाराशी जेवायची सवय लावलीस. आता ताट रिकामं आहे. ते उद्या येईल, तेव्हा आत बघेल." आणि कवडीला घेऊन ती पाण्यात उतरली. मालक मागं आला नाही. पलिता होता, तरी उसाजवळून जायची त्याची छाती नव्हती.

खरजुले भाऊ पैलतीरावर तिची वाट बघत होते. वेशीत गाडीवर कारभारी बसला होता. "हुकूम मोडलास, आक्का."

"कसा? कोंडवाड्यात जा आणि बघ. एक शेपूट सापडलं तर मला जाळीत घाल."

"आणि ही?"

"पाहुणी आहेत."

"उजाडता मिरवणूक निघेल. ज्याला घर नाही असं कुत्रं वाटेत दिसलं, तर पाहुणं म्हणून सोडायचा नाही मी."

आक्का गल्लीत शिरली. पहिल्यांदा तिनं मोठ्या अंगणांची दारं ठोठावली. एकानं रक्त बघून दार लावलं. दुसऱ्यानं खरूज बघून. तिसऱ्यानं आतूनच विचारलं, "कोण आहे?" आणि आक्का म्हणताच दिवा मालवला. गल्ली संपत आली. घसा एवढा कोरडा पडला, की आता परीक्षा म्हणून नव्हे, खरीखुरी तहान म्हणून ती शेवटच्या एका खोलीच्या दाराशी बसली.

"कुणी पाणी देता का?"

दार उघडलं. कासारीण होती. तिनं एकवार आक्काकडं बघितलं, एकवार कवडीकडं, आणि ती आत गेली. बाहेर आली ती तांब्या आणि एक फुटकं खापर घेऊन. खापर तिनं कवडीपुढं ठेवलं आणि आधी ते भरलं.

"मी तहानेनं मरतेय," आक्का म्हणाली.

"थांब की जरा. तू तोंडानं मागशील. तिची जीभ बघ केवढी बाहेर आलीय." मग तिनं तांब्या आक्काच्या हातात दिला. "आणि ही साखळी कशाला गळ्यात? हात नाहीत का तुला?" तिनं तेलाचं बोट कडीला लावलं, दोनदा फिरवलं आणि कडी सुटली.

आक्का पाणी प्यायचं विसरून बघत राहिली. "तू कधी कुत्रं मागायला का आली नाहीस?"

"मला अंगण कुठाय? ही एवढी खोली. तू वेशीवरूनच हाकलतेस अशांना. माझ्याच जावेला हाकललंस." कासारणीनं कवडीच्या कानामागं हात घातला. "इतकी दारं हिंडलीस वरमाय, या दारी कधी पाणी मागितलंस?"

आक्कानं मान खाली घातली.

"मग?" कासारीण म्हणाली. "बैलाची मान बघायची असेल तर बैल नाही माझ्याकडं. सासू मेली. मांजर आहे, ते माझ्यावरच गुरगुरतं."

"मिळाली," आक्का म्हणाली. "कवडी तुला मिळाली." आणि मग ती घटाघटा पाणी प्याली.

कासारणीनं गल्लीला हाक घातली. शेजारची कुंभारीण कटोरा घेऊनच बाहेर आली. तिनं दोघा भावांना एका नजरेत ओळखलं. "एक नेला तर दुसरा रडेल," ती म्हणाली आणि दोघांनाही घेऊन गेली. कडुनिंबाचा पाला तिनं त्याच रात्री उकळायला ठेवला.

उजाडलं. मिरवणूक निघाली. गाडी रिकामीच परत गेली.

मळ्यात मात्र वाघरू ठरल्या वेळेला आलं. कोपऱ्यांना काही नव्हतं. मग त्यानं कुंपणावरून उडी घेतली. भुंकून उठवायला कुणी नव्हतं. आधी वासरं गेली, मग गडी पळाले. तो मळेवाला नंतर संध्याकाळ झाली की स्वतःच्याच घरात स्वतःला कोंडून घ्यायचा, आणि बाहेर काही वाजलं की भिंतीला चिकटायचा.

आक्कानं अंगणाचा नियम मोडून टाकला. त्यानंतर ती गल्लीबोळातल्या एकेका खोलीच्या दारी उभी राहून पाणी मागू लागली. पण बरोबर एक तहानेलं कुत्रं न्यायची आणि नजर घरभर फिरवायची नाही. फक्त पाणी आधी कुणापुढं येतं, तेवढंच बघायची. आणि कुत्रं 'वास येतोय' म्हणालं, की राजा जरी समोर उभा असला तरी दोरी सोडायची नाही.

त्या दिवशीच्या फडक्यात एक भाकरी उरली होती. ती तिनं नदीकाठी ठेवली, ढोल्याच्या नावानं. नंतरही दर दसऱ्याला ठेवत राहिली.

म्हणून सांगते, जीव सोपवायचा तो मोठं अंगण बघून नव्हे, न मागता पाणी ठेवणारा हात बघून.