मायक्रोवेव्हचं मेलेलं पाणी

साताऱ्याच्या बाजूला एका गावात एक भोळा जावई राहत होता. नाव भागवत. अंगानं धट्टाकट्टा, मनानं निर्मळ, आणि डोक्यानं... तर मनानं निर्मळ. सांगितलेलं काम तो शब्दन् शब्द पाळून करायचा, हीच पंचाईत होती.

पहिल्या दिवाळसणाला जावयाला अंगठी घालायची रीत. पण त्याच्या सासऱ्यांना, केरबामामांना, नेमका तेव्हाच एका दुकानाच्या सोडतीत मायक्रोवेव्ह लागला. मामांनी अंगठी वाचवली आणि खोकं जावयाच्या डोक्यावर दिलं. "पाणी गरम हुतंय म्हणं यात," एवढंच सांगितलं.

नवी वस्तू घरात आली म्हणजे पूजा आलीच. भागवतनं तांब्याचा कलश पाण्यानं भरला, हळदकुंकू वाहिलं, कलश यंत्रात ठेवला आणि बटण दाबलं. आत तडतड ठिणग्या उडाल्या. भागवतनं हात जोडले. "शेवंते, देव पावला. आत वीज चमकतीय."

त्याच्या बायकोनं, शेवंतानं, धावत येऊन बटण बंद केलं. "अहो, आत धातू न्यायचा न्हाई. धातू दिसला की आधी उतरवून बाहेर ठेवायचा."

"बरं," भागवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका यंत्र बघायला आल्या. भागवत दारात परात घेऊन बसला. जोडवी उतरवून घेतली, पाटल्या उतरवून घेतल्या. "आत धातू चालत न्हाई," असं प्रत्येकीला नम्रपणे सांगितलं. मंगळसूत्राची पाळी आली तेव्हा हौसाकाकूंनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अहो, घरात न्हवं, यंत्रात," शेवंतानं कपाळाला हात लावला.

पुढच्या खेपेला भागवतनं वाफ वाया जाऊ नये म्हणून बरणीत पाणी भरलं, झाकण घट्ट पिळलं आणि बरणी यंत्रात ठेवली. थोड्या वेळात असा आवाज झाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. बरणी फुटली होती.

"झाकण लावून तापवायचं न्हाई," शेवंता म्हणाली. "वाफंला वाट ठेवायची."

"बरं," भागवत म्हणाला.

हौसाकाकूंचा नवरा तापानं फणफणला होता. भर थंडीत दोन गोधड्या आणि कानटोपी घालून पडला होता. भागवत बघायला गेला, कपाळाला हात लावला आणि गोधड्या ओढून काढल्या. मग कानटोपी काढली, मग खिडक्या उघडल्या. "काका, झाकण लावून तापायचं न्हाई." काकांचं दुखणं आठवडाभर लांबलं.

असल्या बातम्या माहेरी पोचायला वेळ लागत नाही. केरबामामांचा निरोप आला. "रविवारी येतोय. जावयाचं डोकं ठिकाणावर दिसलं तर ठीक. न्हाईतर लेक माघारी नेतो."

त्या रात्री शेवंता जेवली नाही. भागवतही जेवला नाही. त्याला बायको फार आवडायची, आणि ती गेली तर आपल्याला कोण समजावून सांगणार, हा घोर त्याला लागला. निदान चहा तरी धड जमावा म्हणून तो सरावाला लागला.

काचेच्या नव्याकोऱ्या पेल्यात त्यानं पाणी तापत ठेवलं. पाण्यात एक बुडबुडा दिसेना. तापलं नसेल म्हणून परत लावलं, आणि परत लावलं. शेवटी पेला बाहेर काढून साखर टाकली, तसं सगळं पाणी उसळून त्याच्या मनगटावर आलं.

शेवंतानं त्याचा हात गार पाण्याखाली धरला. तिचे डोळे भरून आले होते. "गरम असून शांत दिसलं तर जास्त भ्यायचं. तापवायच्या आधीच त्यात लाकडी चमचा ठेवायचा. विसरलात तर जरा वेळ जाऊ द्यायचा आणि मग लांबूनच लाकडी चमच्यानं ढवळायचं."

"बरं," भागवत म्हणाला.

रविवारी मामा आले. भागवतनं सगळं सांगितल्यासारखं केलं. मामांनी चहा प्याला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झ्याक झालाय." मग जेवून ओसरीवर आडवे झाले. शेवंताला हायसं वाटलं. ती मळ्यात भाजी आणायला गेली.

तेवढ्यात सोपानअण्णा आले. अण्णा निवृत्त ग्रामसेवक. मोबाईलवर आलेलं सगळं खरं मानायचं आणि पुढं पाठवायचं, हे काम ते नोकरीपेक्षा मन लावून करत.

"यंत्रातल्या पाण्याचा चहा पाजलास?" अण्णा दचकले. "अरे, त्या पाण्यातला जीव मरतो. मेलेलं पाणी जो प्यायला तो गेलाच म्हणून समज."

पाणी चुलीवर तापो नाहीतर यंत्रात, ते पाणीच राहतं, हे शेवंतानं सांगितलं असतं. पण ती मळ्यात होती.

"गेलाच?"

"गेलाच. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय."

भागवतनं मामांकडं बघितलं. मामा तोंड उघडं टाकून निपचित पडले होते. भागवत ढसाढसा रडला, अगदी पोटापासून रडला. मग डोळे पुसून कामाला लागला. घटकाभरात गाव जमलं, बांबू आले, मडकं आलं. मामांना उचलून तिरडीवर ठेवलं, गळ्यात हार घातला. मटणाचं जेवण असं होतं की मामांना पत्ता लागला नाही.

"छाती हलतीय," कोणीतरी म्हणालं.

"किरणं असतात आत," अण्णा म्हणाले. "ती हलवतात."

भागवत तोंडात पाणी घालायला वाकला. हाताला अंग गरम लागलं. गरम, आणि शांत. त्याला बायकोचे शब्द आठवले. तो चार पावलं मागं सरला, लांब दांड्याचा लाकडी चमचा आणला आणि मामांचं पोट जोरात ढवळलं.

मामा तिरडीसकट उसळले. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली, सगळ्यांच्या पुढं अण्णा.

"कोण गेलं?" हाराकडं बघत मामांनी विचारलं.

"तुमी, मामा," भागवत हुंदके देत म्हणाला.

पुढं मामा जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवंता भाजी घेऊन आली तेव्हा ते पायात वहाणा घालत होते. "आत्ता एसटीनं जातो. धा-बारा दिवसांत टेम्पो घेऊन येतो आन् सामानासकट तुला नेतो."

भागवत अण्णांच्या घरी गेला. "अण्णा, मामा तर चालत गेले."

"चालेनात का," कडी लावलेल्या दाराआडून अण्णा म्हणाले. "आज काय, उद्या काय. गेलाच समज."

"बरं," भागवत म्हणाला.

दहाव्या दिवशी तो पहाटेच उठला, सासऱ्यांच्या गावी पोचला आणि नदीकाठी त्यानं पिंड मांडला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. मयताची इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही, आणि ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो, हे भागवतला माहीत होतं. पण इच्छा कोणती, ते काही केल्या आठवेना. दुपार झाली. शेवटी तो उठला, गावात गेला आणि केरबामामांचं दार वाजवलं.

मामा टेम्पोवाल्याशी बोलत होते.

"मामा," भागवत हात जोडून म्हणाला, "कावळा शिवंना. तुमची काय इच्छा राहिलीय, तेवढी सांगा."

मामांनी त्याच्याकडं बघितलं. मग टेम्पोवाल्याला हातानंच जायला सांगितलं आणि ते उंबऱ्यावर बसले.

"माझी लेक तुझ्याकडंच राहू दे," मामा हळू आवाजात म्हणाले. "पन तू पुन्यांदा हितं येऊ नगंस."

"बरं," भागवत म्हणाला. नदीवर जाऊन त्यानं तसा शब्द दिला, आणि कावळा लगेच शिवला.