वस्ताद मैदानात मेले तेव्हा

“आणि कपाटाची किल्ली कुणाकडं असते?” सावळे वस्तादांनी विचारलं.

“गुलाबमामांकडं,” थोरवे सर म्हणाले.

“गुलाबमामा कुठायत?”

“असतील इथंच कुठंतरी…”

वस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

हे बोलणं आमच्या गावच्या हायस्कुलात, मुख्याध्यापकांच्या खोलीत चाललं होतं. थोरवे सर म्हणजे मुख्याध्यापक. गुलाबमामा म्हणजे शिपाई. वस्ताद म्हणजे या शाळेचे जुने खेळशिक्षक, ऐंशीला टेकलेले. चार वाजता मुलींच्या कबड्डीचा तालुक्याचा अंतिम सामना होता. त्याचा नारळ फोडायला त्यांना बोलावलं होतं.

आणि मी वेळापुरे, भांड्यांचा व्यापारी. कपाटात होतं ते यंत्र मी दिलेलं.

यंत्राचं एवढंच सांगतो. खेळता खेळता एखाद्या पोराचं हृदय एकाएकी बंद पडतं. चांगलं धडधाकट पोर, दुपारी डबा खाऊन हसत मैदानात गेलेलं. अशा वेळी उघड्या छातीवर दोन पट्ट्या चिकटवायच्या. यंत्र तपासतं, गरज असली तर झटका देतं, आणि काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं. पण ते यायला हवं दोन-तीन मिनिटांत.

माझे वडील असेच दुकानात, तराजूजवळ पडले होते. म्हणून त्यांच्या नावानं दिलं. शिवाय आमची नात अनघा शाळेच्या संघाची कर्णधार. पितळेच्या पट्टीवर नाव मी माझ्या हातानं कोरलं: ‘कै. रंगनाथ वेळापुरे यांच्या स्मरणार्थ’. चाळीस वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं घातली, पण एवढं सुबक अक्षर कधी उतरलं नव्हतं.

शाळेनंही मान राखला. यंत्र काचेच्या कपाटात, ढालींच्या मधोमध. वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर हळदकुंकू, हळदकुंकवावर हार.

“दीड वर्ष झालं सर,” थोरवे सर अभिमानानं म्हणाले. “एक ओरखडा नाही. पोरांचा हात लागू दिला नाही.”

“पोरांचा हात लागू दिला नाही…” वस्ताद म्हणाले.

मग माझ्याकडं वळले.

“शेठ, तुमच्या दुकानातली भांडी लोक वापरतात का हो?”

असा प्रश्न आला की मला राहवत नाही. म्हटलं, “कुठलं वस्ताद! एका बाईंनी तांब्याचा बंब नेला. पाहुण्यांसाठी म्हणून माळ्यावर ठेवला. बावीस वर्षांनी परवा मोडीत घालायला आणला, तर आत राखेचा कण नाही. नवाकोरा!”

“आणि बाई?”

“बाई बावीस वर्षं गार पाण्यानं अंघोळ करत होत्या.”

मी पोट धरून हसलो. थोरवे सरही हसले.

वस्ताद हसले नाहीत.

थोरवे सरांना ते लागलं. त्यांचा राग जुना होता. शाळेत असताना ते चढाईचे पट्टीचे खेळाडू. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, मध्यंतराच्या आधी, त्यांचं डोकं एका पोराच्या गुडघ्यावर आपटलं. उठले, म्हणाले, “काही नाही झालं.” मध्यंतरात त्यांनी वस्तादांना एक विनोद सांगितला. वस्ताद हसले. दोन मिनिटांनी तोच विनोद पुन्हा सांगितला, पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात. वस्तादांनी त्यांना बाकावर बसवलं, ते बसवलंच. आपली शाळा दोन गुणांनी हरली.

“सर, तुमच्यामुळं माझी ढाल गेली,” थोरवे सर आजही म्हणाले.

“डोकं आहे ना?” वस्तादांनी विचारलं. “मग चल.”

बाहेर मैदानावर दोन्ही संघ ओळीनं उभे होते. गाव जमलं होतं. नारळ, उदबत्ती, पेढे, सगळं मांडलेलं. वस्ताद मैदानाच्या मधोमध गेले, धोतराचा सोगा सावरला आणि खिशातून जुनं स्टॉपवॉच काढून दाबलं.

मग चक्क मातीत आडवे झाले.

“हणम्या,” ते म्हणाले, “मी मेलो. हृदय बंद पडलंय. बघ काय करायचं ते.”

आणि डोळे मिटले.

पाचशे माणसांसमोर मुख्याध्यापकांना ‘हणम्या’ म्हणणारा माणूस गावात एकच.

“सर, उठा,” थोरवे सर वाकून हळूच म्हणाले. “सभापती यायचेत.”

मेलेला माणूस काय बोलणार…

गर्दी पुढं सरकली. एकजण ओरडला, “वारा येऊ द्या!” आणि स्वतःच वारा अडवून उभा राहिला. कुणी पाणी आणलं. कुणी चप्पल काढून वस्तादांच्या नाकाशी धरली. कुणीतरी वडापावच्या गाडीवरून कांदा फोडून आणला.

“कांदा त्या गाडीवाल्याला परत द्या,” वस्ताद डोळे मिटूनच म्हणाले. “मेलेल्याला वास येत नाही.”

एवढ्यात अनघा ओळीतून पुढं आली.

“आबा, मी छाती दाबायला सुरुवात करू का? आम्हाला शिबिरात शिकवलंय. यंत्र येईपर्यंत थांबायचं नसतं.”

“तू ओळीत उभी राहा,” मी म्हणालो. “इथं मोठी माणसं आहेत.”

मोठी माणसं पळाली. म्हणजे मी, थोरवे सर आणि गणिताचे एक शिक्षक. गुलाबमामा वर्गात नाहीत, पाण्याच्या टाकीपाशी नाहीत. सापडले शाळेच्या कौलांवर, कर्णा बांधताना.

“मामा, किल्ली टाका खाली!”

“कशी टाकू? करदोट्याला बांधलीया.”

“का?”

“तुम्हीच म्हनला, जिवापाड जपा.”

शिडी आली. मामा उतरले. करदोट्याची गाठ सुटेना. कात्री शिवणाच्या बाईंकडं, आणि बाई रजेवर. शेवटी दोघांनी मामांना दोन्ही बाजूंनी धरून कपाटाशी नेलं, पोट काचेला टेकवलं, आणि ते पोटासकट किल्ली फिरवू लागले. मामांना गुदगुल्या होत होत्या. कपाट उघडलं. हार काढला. पिशवीला आतून-बाहेरून चिकटपट्टी लावलेली. ती मी दातांनी फाडली. झाकण उघडताच यंत्र बोलायला लागलं, तसे गुलाबमामांनी हात जोडले.

मी यंत्र छातीशी धरून धावत मैदानात आलो. माझं वय बासष्ट, आणि पोट व्यापाऱ्याचं. मला वाटलं, आता पट्ट्या मलाच लावाव्या लागणार.

वस्तादांनी एक डोळा उघडला. स्टॉपवॉच दाबलं.

“नऊ मिनिटं चाळीस सेकंद.”

“म्हणजे सर?” थोरवे सर धापा टाकत म्हणाले.

“म्हणजे पेढे ठेवून द्या. तेराव्याला लागतील.”

गर्दीतून हशा उठला आणि मध्येच विरला. समोर चौदा पोरी ओळीत उभ्या होत्या. त्यांच्यातली एकही हसली नव्हती.

वस्ताद उठून बसले. धोतराची माती झटकली.

“हे इथं राहील,” ते म्हणाले. “गुणलेखकाच्या टेबलाशी, खुंटीवर. कुलूप नाही, पिशवी नाही. आणि मला हात लावायला निघालेली ती पोर… तिला परत कुणी पाठवली?”

मी मान खाली घातली. पण व्यापारी माणूस, शेवटपर्यंत घासाघीस करणारच.

“वस्ताद, सगळं मान्य. पण उघड्यावर धूळ, पोरांचे हात… पट्टी झिजेल हो. वडलांचं नाव पुसलं जाईल.”



“रंगनाथ पडला, तेव्हा दुकानात किती जण होते?”

“आठ.”

“सगळ्यांना त्याचं नाव ठाऊक होतं?”

“होतं.”



मला तो दिवस आठवला. आम्ही आठही जण त्यांना हाका मारत होतो. कुणी ‘अण्णा’, कुणी ‘मालक’, कुणी ‘रंगनाथशेठ’. हाका मारण्यापलीकडं काय करायचं, ते एकालाही ठाऊक नव्हतं…

मी दुकानातून हातोडी मागवली. टेबलाजवळच्या खांबाला खिळा स्वतः ठोकला आणि यंत्र अडकवलं. गुलाबमामांनी पुन्हा हार घालायला हात वर केला, तो मी धरला. अनघाला टेबलाशी बोलावलं. तिनं जाजमाची गुंडाळी मातीत टाकली, दोन्ही तळवे एकावर एक ठेवले, कोपरं ताठ केली आणि सगळ्यांना दाखवलं, कुठं दाबायचं, किती जोरानं, किती भरभर. दोन्ही संघांनी आळीपाळीनं दाबून बघितलं. मग पंचांनी. मग मी. माझं बघून अनघा म्हणाली, “आबा, कणीक मळताय का? जोर लावा.”

तोवर पावणेपाच वाजले. सभापती येऊन घड्याळ बघत बसले होते. थोरवे सरांनी घाम पुसला, नारळ वस्तादांच्या हातात दिला आणि शिट्टी ओठाशी नेली.

“सर, आता फोडा. करूया सुरू?”

वस्तादांनी खांबाकडं पाहिलं. टेबलाशी उभ्या अनघाकडं पाहिलं. नारळ खाली ठेवला, स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि धोतराचा सोगा पुन्हा सावरला.

“थांब, हणम्या… आधी मला आणखी एकदा मरू दे.”